पुण्याहून भंडारदऱ्याला टेंट घेऊन जायचंय? सोयी नसलेल्या तलावाकाठी पहिली रात्र काढणाऱ्यांसाठी

पवनेच्या काठावर पैसे भरून जे कॅम्पिंग करतात ते वेगळं. तिथे टेंट आधीच लावलेला असतो, बार्बेक्यू असतो, डीजे असतो, सकाळी पोहे मिळतात, टॉयलेट असतं. मजा येते, नाही म्हणत नाही, पण ते फक्त बाहेर झोपणं झालं. इथे मी लिहितोय ते त्यांच्यासाठी ज्यांना स्वतःचा टेंट, स्वतःचं पाणी, स्वतःची चूल घेऊन अशा ठिकाणी जायचंय जिथे नळ नाही, लाईट नाही, संडास नाही, समोर तलाव आणि मागे जंगलाचा डोंगर एवढंच आहे. पुण्याहून पहिल्यांदा जायला मला भंडारदरा धरणाच्या तलावाची रतनवाडी गावाकडची बाजू सगळ्यात बरी वाटते, कारण जंगल खरंखुरं आहे पण गाव हाकेच्या अंतरावर आहे, काही बिनसलं तर माणूस सापडतो. म्हणून उदाहरणं तिथलीच घेतलीयेत, बाकी पानशेत-वरसगाव असो नाहीतर कोयनेचं बॅकवॉटर, पद्धत थोड्याफार फरकाने तीच.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे सारखी येणार आहे: उजेड असेपर्यंत पोचायचं. नवीन लोकांचे जेवढे घोळ होतात त्यातले बहुतेक अंधारात टेंट लावल्यामुळे होतात.

१. कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्या वेळेला दुसरा विचारच करू नका.

जून ते सप्टेंबर विसरा. घाटघर-रतनवाडी ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांमधली आहेत, तिकडचा पाऊस म्हणजे पुण्यातला पाऊस नव्हे, भलेभले टेंट रात्रीत बसतात, वर धरणाचं पाणी चढत असतं. ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. एप्रिल-मे मध्ये पाणी खूप खाली गेलेलं असतं, काठाला नुसता भेगा पडलेला गाळ, आणि वळीव कधी येईल सांगता येत नाही.

काजव्यांचा सीझन मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंत असतो. बघण्यासारखं असतं यात वादच नाही, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. पण तेव्हा शनिवार-रविवारी तिकडे जी गर्दी उसळते, गाड्यांच्या रांगा, हेडलाईट, मोबाईलचे फ्लॅश, त्यात शिकायला काही मिळत नाही. काजवे त्या उजेडाने एकमेकांना शोधत असतात, आपण त्यांच्यावर टॉर्च मारला की त्यांचा सगळा कार्यक्रमच बिघडतो. जायचंच असेल तर सोमवार-मंगळवारी जा, आणि तेव्हा गावातल्या कुणाच्या घरी रहा, टेंट नको.

चंद्राचं पण बघून घ्या. तारे बघायचेत तर अमावास्येच्या आसपास, पण पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सांगतो, रात्री दोनला टेंटबाहेर यावं लागलं तर चांदण्याचा फार आधार वाटतो.

२. परवानगी आणि कागदपत्रं

रतनवाडी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते, हे अभयारण्य १९८६ पासून आहे. अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच तसं आहे. व्यवहारात होतं असं की शेंडीच्या (धरणाजवळचं गाव) नाक्यावर गाडी थांबवतात, माणशी आणि गाडीचं शुल्क घेतात, पावती देतात. ती पावती जपून ठेवा, आत कुणी विचारलं तर तीच दाखवायची.

पण लक्षात ठेवा, ही पावती म्हणजे आत यायची परवानगी. कुठेही टेंट ठोकायची परवानगी नव्हे. नाक्यावरच थेट विचारा, "साहेब, मुक्काम करायचाय, टेंट कुठे लावलेला चालेल?" ते सांगतील ती जागा, किंवा गावात कुणाची तरी खाजगी जमीन. नियम सीझनप्रमाणे बदलतात, मागच्या वर्षी मित्राने काय केलं त्यावर जाऊ नका. वासोट्याचंच बघा, पूर्वी लोक गडावर मुक्काम करायचे, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात संध्याकाळच्या आत खाली येऊन बोटीत बसावं लागतं.

सोबत ठेवायचं:

- सगळ्यांची आधार कार्डं, मूळ नाहीतर झेरॉक्स (फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात)
- लायसन्स, गाडीचे कागद, पीयूसी
- रोख पैसे, सुट्टे. शंभरच्या, पन्नासच्या नोटा. यूपीआय शेंडीपर्यंत ठीक, पुढे भरवसा नाही
- एका कागदावर लिहिलेले फोन नंबर, घरचा एक, गावातल्या ओळखीचा एक
- घरी ठेवायची चिठ्ठी: कुठे जातोय, कुणाबरोबर, गाडी नंबर, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची

इमर्जन्सीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८, वनविभागाची हेल्पलाईन १९२६. शेवटचा नंबर पाठ करायला सोपा आहे कारण भंडारदऱ्याचं विल्सन धरण पूर्ण झालं तेही १९२६ सालीच.

३. सामान: काय घ्यायचं, कुठून घ्यायचं

पहिल्याच वेळी सगळं विकत घेऊ नका. पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत, कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये विचारलंत तर दोन-चार नावं लगेच मिळतात. एकदा जाऊन या, आवडलं तर घ्या.

टेंट. दोघांसाठी तीन माणसांचा घ्या, कारण "टू पर्सन" लिहिलेल्या टेंटमध्ये दोन माणसं मावतात पण सॅक बाहेर राहते. डबल लेयरचा हवा, म्हणजे आतला जाळीचा आणि वरून वेगळा फ्लाय. सिंगल लेयरच्या स्वस्त टेंटमध्ये थंडीत काय होतं तर आपल्याच श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होतं आणि पहाटे ते पाणी तोंडावर ठिबकतं, आणि लोक म्हणतात टेंट गळतो. गळत नसतो. डबल लेयरमध्ये पण वरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलंत की तेच होणार.

भाड्याचा असो की नवा, निघायच्या आधी सोसायटीच्या गच्चीवर एकदा उभा करून बघा. पोल तडकलेला आहे का, चेन नीट लागते का, खुंट्या किती आहेत. भाड्याच्या टेंटमध्ये खुंट्या हमखास कमी असतात. गच्चीवर खुंट्या मारता येत नाहीत तर कोपऱ्यात विटा ठेवा.

झोपायचं सामान. नवीन माणूस जाडजूड स्लीपिंग बॅग घेतो आणि खाली काहीच घेत नाही. थंडी खालून येते हो. आधी फोमची मॅट, मग बॅग. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे पारा एक आकड्यात जातो, तेव्हा तेवढ्या थंडीला चालणारी बॅग, आत थर्मल, कानटोपी, कोरडे मोजे. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामेजलेल्या टीशर्टवर झोपलात तर रात्रभर कुडकुडाल. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवा, बास.

ताडपत्री आणि दोऱ्या रविवार पेठेत बोहरी आळीत घ्या, मॉलमध्ये कशाला. टेंटखाली अंथरायला एक ताडपत्री, आणि ती टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहानच हवी, मोठी असली की बाहेर आलेल्या कडेवर पडलेलं दव आत वाहत येतं. तिथेच सहा इंची जाड खिळे मिळतात ते डझनभर घेऊन ठेवा. टेंटबरोबर आलेल्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या मुरमाड जमिनीत वाकतात, खिळे वाकत नाहीत.

बाकी पटापट: हेडटॉर्च माणशी एक (मोबाईलचा टॉर्च म्हणजे टॉर्च नव्हे), जास्तीचे सेल, पॉवर बँक, चाकू, लायटर आणि काडेपेटी दोन्ही, छोटं खुरपं, शिट्टी, ओडोमॉस, क्रेप बँडेज, ओआरएस, रोजच्या गोळ्या, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, जुने पेपर.

गॅस. छोटा बर्नर आणि २३० ग्रॅमचा कॅन दोघा-तिघांना एका मुक्कामाला पुरतो. एसटीने जाणार असाल तर गॅस नेऊ नका, चालत नाही, मग जेवण गावात सांगायचं.

४. पोचायचं कसं

नाशिक हायवेने चाकण, नारायणगाव, आळेफाटा, तिथून पुढे एकतर बोट्यावरून ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर, नाहीतर संगमनेर-अकोले-राजूर. मग शेंडी. दीडशेच्या वर, पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर पडतात, आणि शेंडीहून तलावाला वळसा घालून रतनवाडी अजून वीसेक. चाकणचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे, सकाळी सहाच्या आत मोशी सोडा. पेट्रोल आणि राहिलेलं सामान राजुरात. ऑफलाईन मॅप घरूनच डाऊनलोड करून घ्या.

असे लवकर निघालात तर नाश्ता-बिश्ता करून बारा-एकपर्यंत पोचता. उशिरात उशिरा तीन. थंडीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, घड्याळात सहा वाजायच्या आधीच खाली सावली आणि गारठा येतो.

५. गावात आधी जा

थेट काठावर गाडी नेऊ नका. अमृतेश्वराच्या मंदिरापाशी थांबा (मंदिर नीट बघा, घाईत उरकू नका, शेजारची पुष्करणीसुद्धा), चहा घ्या, आणि बोला. "मामा, टेंट लावायचाय, जागा कुणाची आहे?" एवढं विचारलंत की निम्मं काम झालं. जमीन बहुतेक कुणाच्या तरी मालकीची असते, मोकळी दिसली म्हणून बेवारस नसते. थोडे पैसे घेतात, द्या. त्या बदल्यात गाडी कुणाच्या तरी दारात राहते, रात्री कुणाला तरी माहीत असतं की तुम्ही तिथे आहात.

जेवण सांगायचं तर तेव्हाच सांगा. पिठलं-भाकरी, चुलीवरचं, सुंदर असतं, पण संध्याकाळी सातला जाऊन "मावशी, पाच जणांचं जेवण मिळेल का" असं विचारणं बरोबर नाही, त्यांना पीठ-पाणी-सरपण बघावं लागतं.

पिण्याचं पाणी कुठलं घ्यायचं तेही विचारा. माणशी चार-पाच लिटर तरी पुण्याहून न्या. तलावाचं पाणी दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी त्यात गुरं उतरतात, ते उकळल्याशिवाय पोटात जाता कामा नये. खळखळून उकळी, वर मिनिटभर, मग गार करून. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून.

६. टेंटची जागा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, यावर वेळ घाला, सामान उतरवायच्या आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा.

सगळ्यांना अगदी पाण्याला लागून टेंट हवा असतो कारण फोटो छान येतो. फोटो काढा आणि टेंट मागे घ्या. काठावरून साठ-सत्तर पावलं तरी लांब, आणि थोडं चढावर. कारणं बरीच आहेत. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली पाण्याजवळ येऊन साचते, चार-पाच मीटर वर गेलात तरी फरक कळतो. काठाला दव जास्त, डास जास्त. जनावरं रात्री पाण्यावर येतात, त्यांच्या वाटेत आपण नको. आणि थंडीत धरणातून आवर्तन (शेतीसाठी सोडायचं पाणी) सुटतं तसं तलावाचं पाणी मागे सरतं, त्यामुळे काठाची जमीन वरून वाळलेली वाटते आणि पाय टाकला की आत गाळ.

पाणी कुठपर्यंत चढतं हे दगडांवरच्या फिकट पट्ट्यावरून आणि एका रेषेत अडकलेल्या काड्या-कचऱ्यावरून कळतं. त्या रेषेच्या वरच रहा.

मग वर बघा. वाळक्या फांद्या आहेत का? आग्या मोहोळ आहे का? ही दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. उंच झाडाला किंवा कड्याला काळं लोंबतं मोहोळ दिसलं तर तिथे टेंट नाही, चूल तर अजिबात नाही, धूर गेला की माश्या उठतात आणि त्या लांबपर्यंत पाठलाग करतात. तीव्र वासाचा परफ्यूम पण टाळा. माळावर एकटंच उभं असलेलं झाड विजेच्या दिवसांत नको. ओढ्याच्या कोरड्या पात्रात कधीच नको, कितीही सपाट वाळू दिसली तरी.

भाताची खाचरं कापणीनंतर मस्त सपाट असतात, मालकाने हो म्हटलं तर लावा, पण धसकटं बघा. भाताची धसकटं टेंटच्या तळाला सुईसारखी भोकं पाडतात. हाताने चाचपून उपटून घ्या, मग ताडपत्री.

जागा ठरली की आधी ताडपत्रीवर पाच मिनिटं आडवे पडून बघा. उतार आहे? डोकं वरच्या बाजूला. पाठीखाली दगड आहे? आत्ता काढा. वारा कुठून येतोय ते बघून टेंटची पाठ तिकडे करा, दार आडोशाला. चारही दोऱ्या बाहेर ताणून बांधा, हवा नसली तरी. लोक म्हणतात वारा सुटला की बांधू, वारा रात्री दोनला सुटतो. खिळा जातच नसेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर अजून एक दगड.

७. पाण्यात उतरू नका

पोहता येतं म्हणून सांगणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. धरणाचं पाणी म्हणजे स्विमिंग टँक नाही. खाली आधी शेतं होती, बांध होते, झाडं होती, नदी होती. घोटाभर पाण्यात चालता चालता जुन्या नदीच्या पात्राची कड येते आणि एका पावलात तळ जातो. गाळात पाय रुतला की जेवढं ओढाल तेवढा आत जातो. बुडलेल्या झाडांचे बुंधे वरून दिसत नाहीत. पवना, मुळशी, खडकवासला, पुण्याच्या आसपासच्या धरणांवर दरवर्षी पोरं जातात आणि त्यात चांगली पोहणारी असतात. दारू पिऊन उतरणाऱ्यांबद्दल तर काय बोलायचं.

पाय धुवायचे, बसायचं, बघायचं. बोटीत बसलात तर लाईफ जॅकेट मागा, नसेल तर बसू नका. मुलं बरोबर असतील तर पाण्याच्या बाजूला एका मोठ्या माणसाची ड्युटी लावा, नाव घेऊन, "सगळे लक्ष ठेवू" म्हणजे कुणीच ठेवत नाही.

८. आग

अभयारण्यात वनविभाग सांगेल तेवढंच. परवानगी नसेल तर शेकोटी नाही, गॅसवर भागवा. गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते, आणि वणवा लागला तर डोंगरच्या डोंगर जातो. खाजगी जागेत मालकाने चालेल म्हटलं तर आधीच जिथे चूल पेटवलेली आहे त्याच जागी, लहान, भोवती दगड, शेजारी पाण्याची बादली. सरपण गावातून विकत घ्या, झाड तोडू नका. झोपायच्या आधी पाणी ओता, ढवळा, परत ओता, आणि हात जवळ नेऊन बघा धग आहे का.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: निखारे, शेगडी, बार्बेक्यू, गॅस, काहीही टेंटच्या आत न्यायचं नाही. थंडी वाजते म्हणून विझत आलेले निखारे आत घेऊन झोपतात, त्यातून कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकसुद्धा टेंटच्या पडवीत नको, बाहेर.

९. रात्र

खाणं सगळं डब्यात बंद करून गाडीत. गाडी लांब असेल तर खाणं गावात ठेवा. टेंटमध्ये बिस्किटाचा पुडासुद्धा नको, उंदीर कापड कुरतडतात, रानडुकरं येतात, सकाळी माकडं.

बिबट्या आहे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आहे. सह्याद्रीत सगळीकडे आहे, जुन्नरच्या उसात तर घरोघरी ओळखतात. टेंटमध्ये झोपलेल्या माणसांच्या वाटेला तो सहसा जात नाही. उघड्यावर झोपू नका, रात्री एकट्याने लांब जाऊ नका, लहान मुलांना एकटं सोडू नका, कुत्रं बरोबर आणू नका, एवढं पाळलं की झालं.

मला सापाचं जास्त वाटतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावलेलं धड कळतही नाही, दुखत नाही. टेंटची चेन पूर्ण बंद असली की हा प्रश्न जवळपास मिटतो. म्हणून चेन कायम बंद, आत जाताना उघडायची आणि लगेच लावायची. बूट आतल्या बाजूला, सकाळी झटकून घालायचे. दगड, लाकडं उचलताना आधी काठीने हलवायची. फुरसं आणि घोणस पाचोळ्यात दिसत नाहीत, चालताना टॉर्च पायाशी.

चावलंच तर: माणसाला आडवं करा, धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे जायचं नाही. गाडी काढा आणि राजूर-अकोल्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघा, रेंज आली की १०८ ला लावा. म्हणूनच गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून लावायची आणि किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत हवं. आणि ड्रायव्हर शुद्धीत हवा.

संडासचं पण बोलूया, कुणी लिहीत नाही. उजेड असताना जागा ठरवून ठेवा, पाण्यापासून आणि ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब. खुरप्याने वीतभर खोल खड्डा, नंतर माती टाकून बुजवायचा. टिश्यू आणि पॅड खड्ड्यात नाहीत, जुन्या पेपरात गुंडाळून पिशवीत, पुण्याला परत. भांडी आणि अंग तलावात साबण लावून धुवायचं नाही, पाणी भरून आणून लांब धुवा, तेच पाणी खालची गावं पितात.

गाणी लावू नका. गावात लोक पहाटे उठणारे असतात.

१०. सकाळी आवरताना

लवकर उठा, धुकं पाण्यावरून सरकतं ते सातपर्यंतच असतं. चहा घ्या, पण टेंट लगेच गुंडाळू नका, दवाने चिंब असतो. ऊन येईपर्यंत फ्लाय काढून झुडपावर पसरा. तेवढ्यात कचरा, स्वतःचा आणि आसपास पडलेला असेल तोही. खिळे मोजून घ्या, राहिलेला खिळा कुणाच्या तरी गाईच्या खुरात जातो. दगड हलवले असतील तर परत जागेवर. मामांचे पैसे, मावशींना सांगून निघणं.

गावामागच्या रतनगडावर जायचा मोह होईल, त्याचं नेढं (कड्यातलं आरपार भोक) खालून दिसत असतं. पण आदल्या रात्री झोप नीट झालेली नसते, पुढे पाच-सहा तास गाडी चालवायचीये, पहिल्या वेळी गड ठेवा बाजूला.

घरी आल्यावर टेंट तसाच पिशवीत माळ्यावर टाकू नका, दोन दिवसांत बुरशीचा वास येतो आणि तो जात नाही. गच्चीत नाहीतर बाल्कनीत सावलीत पूर्ण वाळवा, कडक उन्हात दिवसभर ठेवलात तर कोटिंग खराब होतं. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. पोल मधून घडी घालायला सुरुवात करा म्हणजे आतलं इलॅस्टिक ताणलं जात नाही. भाड्याचा असेल तर परत देताना खुंट्या त्यांच्यासमोर मोजून द्या, डिपॉझिट तिथेच अडकतं.